नळाचा दिवस

पाचवा जार रिक्षात बसेना. शेवटी हिमांशूने तो मांडीवर घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात त्याचा शर्ट चिंब झाला.

"सांडू नको रे!" श्रीनिवास ओरडले. "बाईंच्या वाट्याचं पाणी आहे ते."

"काका, ही माझी आंघोळ आहे. परवाची राहिलेली."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "साब, इतना पानी लेके किधर? शादी है क्या?"

"शादीच समजा भैया," भाकरीचं गाठोडं सांभाळत अपेक्षा म्हणाली. "नवरी लई लाजते, म्हणून आम्हीच निघालो तिच्या दारी."

रिक्षा औरंगपुऱ्याच्या गर्दीतून मोकळ्या रस्त्याला लागली. संध्याकाळचे सात वाजले होते. श्रीनिवास स्वतःशीच हसत होते.

पोस्टातून निवृत्त झालेले श्रीनिवास, छावणी भागातला दातांचा डॉक्टर हिमांशू, सोयगावहून शहरात शिक्षिका म्हणून आलेली अपेक्षा आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या भानुमतीबाई. चौघांनाही लिहायचा नाद. पूर्वी ते हॉटेलात चहावर जमत. मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. नळ सहाव्या दिवशी येऊ लागला, तोही प्रत्येक भागात वेगळ्या दिवशी. तेव्हा श्रीनिवासांनी नियम काढला. ज्याच्या घरी नळ येईल त्याच्या घरी जेवण, कारण ताटं विसळायला पाणी असतं. आणि जेवणानंतर यजमानाने स्वतःचं लिखाण वाचायचं.

नियम झकास चालला. हिमांशूचे विनोदी लेख झाले, अपेक्षाच्या कथा झाल्या, श्रीनिवासांच्या कविता सगळ्यांनी सोसल्या. राहिल्या फक्त भानुमतीबाई. त्यांचं घर शहराच्या टोकाला, सातारा परिसराच्या पलीकडे, नव्या प्लॉटवर. शहर तिथवर पोचलं होतं, जलवाहिनी पोचली नव्हती. "बोअर होती, ती जानेवारीत आटली," त्यांनी सांगितलं होतं. त्या सगळं आकड्यांत सांगत. "आता दिवसाला चाळीस लिटर. मोजून."

इतरांचं ऐकताना त्या मांडीवर पर्स ठेवून बसत. पर्समधून निळी वही डोकावायची. श्रीनिवासांनी एकदा आग्रह केला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नियम म्हणजे नियम. आमच्याकडे नळ येईल त्या दिवशी वाचेन."

सगळे हसले होते. श्रीनिवासांना मात्र ते लागलं. आपल्याच नियमाने एका लेखिकेचं तोंड बंद केलं! त्यात बाई कधी रिकाम्या हाताने येत नसत. कधी पुदिन्याची जुडी, कधी मोगऱ्याचे गजरे. एवढ्या दुष्काळात कुंड्या कशा जगवता, असं विचारलं तर म्हणत, "भांडी विसळलेलं पाणी घालते." काय ही काटकसर, असं श्रीनिवास घरी बायकोला ऐकवत.

आता बाई येत्या सोमवारी लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला निघणार होत्या. तिथून वर्षभर तरी परतणार नव्हत्या. आणि आज दुपारी श्रीनिवासांकडे नळ आला. जेवायला आठ वाजता त्यांच्याकडेच जमायचं ठरलं होतं. तोटीखाली बादली लावता लावता त्यांना ही कल्पना सुचली.

रिक्षा थांबली तेव्हा शेजारच्या मनकर्णाबाई भानुमतीबाईंच्या फाटकातून बाहेर पडत होत्या. डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन भरल्या घागरी.

"टँकर येऊन गेला वाटतं," अपेक्षा म्हणाली. "बघा काका, आपल्या वाट्याचंबी देऊन टाकतात म्याडम."

श्रीनिवासांनी रिक्षातूनच फाटकाला हात जोडले.

भानुमतीबाईंनी दार उघडलं. पाच जार पाहून त्यांचा चेहराच उतरला. "हे... हे काय?"

"अभिनंदन!" हिमांशू म्हणाला. "आज तुमच्याकडे नळ येतोय."

आत कुठेतरी घूं घूं आवाज चालला होता. बाई लगबगीने आत गेल्या आणि आवाज थांबला.

"चटणी वाटत होतात? वा!" हिमांशूने विचारलं.

बाई नुसत्या हसल्या. "जार इथंच ठेवा ना, स्वयंपाकघरात."

"अजिबात नाही," श्रीनिवास म्हणाले. "नियम म्हणजे नियम. आम्ही वर टाकीत ओततो, तुम्ही खाली तोटी सोडा. पाणी आलं की वही काढायची."

"जिना अरुंद आहे हो. तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांना आज सुट्टी."

"टाकीचं झाकण घट्ट बसलंय. निघत नाही ते."

"दात काढतो मी, झाकणाचं काय घेऊन बसलात?" जार खांद्यावर मारून हिमांशू जिन्याला लागला.

"म्याडम, बसा तुम्ही निवांत," अपेक्षा म्हणाली. "किती संकोच करता! आम्ही काय परके व्हय?"

भानुमतीबाई बसल्या नाहीत. अंगणात येऊन, मान वर करून उभ्या राहिल्या.

गच्चीवर गार वारा होता. लांबवर नव्या इमारतींचे दिवे लागले होते आणि प्रत्येक छपरावर एक काळी टाकी बसली होती. श्रीनिवासांचे गुडघे ठणकत होते, तरी मन पिसासारखं हलकं झालं होतं. इतक्या महिन्यांचं ओझं आज उतरणार होतं. त्यांनी झाकणाला हात घातला. ते एका बोटाने निघालं.

हिमांशूने मोबाइलचा उजेड आत पाडला आणि खांद्यावरचा जार हळूच खाली ठेवला. पाणी काठोकाठ होतं, अजून हिंदकळत होतं, आणि बोअरच्या पाइपातून थेंब ठिबकत होते.

खालून, अंगणातून, भानुमतीबाईंचा बारीक आवाज आला.

"श्रीनिवासराव, ओतू नका हो, हजार लिटरचीच आहे ती. मी वही आणते."