एक टोपली कालवं

“बघा, नीट बघून घ्या,” थोरला ऐटीत म्हणाला. “आमच्या कालवांना आजवर साधी शिंकसुद्धा आलेली नाही.”

प्रयोगशाळेतल्या बाई हसल्या आणि सूक्ष्मदर्शकाकडे वळल्या. टेबलावर दोन ताटल्या होत्या. एकीत थोरल्याची कालवं, गुबगुबीत, शिंपल्यात न मावणारी. दुसरीत त्याच्या धाकट्या बहिणीची, सुकून चिंधी झालेली. खाडी एकच, दोघांच्या कालवांच्या वाफ्यांमध्ये फक्त खांबांची एक रांग. तरी कोपऱ्यातली मूठभर सोडली तर तिची सगळी कालवं उन्हाळ्यात मेली होती. आता ती वाफा मोडून शहरात नोकरीला निघाली होती. पोरगी हट्टी, पण हा हट्टात तिचा भाऊच. आपली अर्धी कालवं तिला देऊन टाकायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. ती निरोगी आहेत एवढं बाईंनी सांगितलं की झालं.

“दोन्हींत आहे,” बाई म्हणाल्या.

“काय आहे?”

“तोच परजीवी. एका पेशीचा जीव, पण कालवाला आतून पोखरतो. माणसाला काही करत नाही.”

“अहो मॅडम, माझी तर टुणटुणीत आहेत!”

“तुमची पिढ्यान्‌पिढ्या ह्याच पाण्यातली. ज्यांना तो सोसला नाही ती केव्हाच गेली. ही उरलेल्यांची पिलावळ. बहिणीनं कालवांचं बी कुठून आणलं होतं?”

“बाहेरून. चांगलं तपासलेलं, स्वच्छ.”

“म्हणूनच. त्या कालवांची नि ह्या परजीवीची कधी गाठच पडली नव्हती.”

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. नवा वाफा घातला की घरातल्या मोठ्याने आपल्या वाफ्यातली एक टोपली त्यात ओतायची, ही त्यांच्या धंद्याची रीत. दुधाला विरजण लावतात तशी. बहिणीच्या वाफ्यात त्याने सगळ्यांत टपोरी निवडून ओतली होती. वर फुशारकीही मारली होती.

बहीण धक्क्यावर बसून कालवं वाढवायचे रिकामे पिंजरे घासत होती. घासले की विकायचे होते. थोरला तिच्यासमोर उकिडवा बसला आणि काही हातचं न राखता सगळं सांगून मोकळा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

“माझ्या टोपलीनं तुझं वाटोळं केलं, छोटे.”

ती घासतच राहिली. मग तिचा हात थांबला.

“टोपली कोपऱ्यात ओतली होतीस ना? पायऱ्यांकडच्या?”

“हो.”

“म्हणजे ती मूठभर जगली ती तुझीच. रोग पोटात घेऊन.”

“माझीच,” थोरला पुटपुटला.

तिने ब्रश बादलीत टाकला. घासलेला पिंजरा उचलला, उन्हात धरून जाळी कुठे फाटलीय का ते पाहिलं आणि विकायच्या ढिगातून बाजूला ठेवला. मग दुसरा उचलला.

“पाणी काय खांबांना विचारून वाहतं? तो आज ना उद्या येणारच होता,” ती म्हणाली. “पण चुकलास तू, दादा. एकच टोपली कशाला ओतलीस?”