हेमाताईंचे चार किलो

"आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे. आधी चार किलो वजन वाढवा," डॉक्टरांनी हेमाताईंना बजावलं. त्यांचे यजमान श्रीनिवासराव यांनी रजा टाकली आणि ते बायकोला दिवसातून सहा वेळा भरवू लागले. मऊ भात, शिरा. घरात पहिल्यांदाच अंडं उकडलं.

"तुम्ही जेवलात?" त्या विचारत.

"मघाशीच," ते सांगत.

महिन्याने दोघं रिक्षाने हॉस्पिटलमध्ये पोचले. हेमाताई नेमक्या चार किलोंनी वाढल्या होत्या. सिस्टरने व्हीलचेअर आणली आणि काही न विचारता गालफडं बसलेल्या श्रीनिवासरावांना तिच्यात बसवलं.

"पेशंट मी आहे," हेमाताई म्हणाल्या.

श्रीनिवासराव ओशाळून उठू लागले. हेमाताईंनी त्यांचा खांदा दाबला.

"बसा. सिस्टर, वॉर्ड कुठंय? मी नेते ह्यांना ढकलत."