अकरा वाक्यांवरची काट

दिवे लागले तेव्हा सभागृहातली निम्मी माणसं डोळे पुसत होती आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड होत होता.

नुकताच संपलेला चित्रपट चौतीस वर्षं जुना. त्यातला नळाचा प्रसंग सगळ्यांना पाठ. पहिली बायको घराच्या किल्ल्या परत द्यायला येते. दुसरी दार उघडते. किल्ल्या या हातातून त्या हातात जातात. जाता जाता पहिली स्वयंपाकघरात वळते आणि ठिबकणारा नळ बंद करते. तो आधी किंचित वर उचलून मग पिळावा लागतो. दुसरीला ते अजून जमलेलं नसतं. अख्ख्या प्रसंगात कुणी अक्षर बोलत नाही.

हा प्रसंग लिहिणारी धाकटी व्यासपीठावर खुर्चीत बसली होती. केस पांढरेशुभ्र, पाठ अजून ताठ. या बेटावरच्या महोत्सवात नटनट्यांना कुणी विचारत नसे. भिंतींवर चेहरे असत ते पटकथा लिहिणाऱ्यांचे, आणि यंदाचा चेहरा धाकटीचा. धक्क्यावर, बेकरीच्या काचेवर, पोस्टाच्या दारावर. थोरली वळेल तिथे ती हसत उभी.

"आमच्या बाईंना ऐकायला आलात का?" पोस्टाच्या खिडकीतल्या बाईनं सकाळी विचारलं होतं.

आमच्या बाई. हिला धड चहा करता येत नव्हता तेव्हापासून ओळखते मी, असं अगदी ओठांवर आलं होतं. थोरलीनं ते गिळलं.

सख्ख्या बहिणी नव्हत्या त्या. स्टुडिओच्या जिन्याखालच्या खोलीत नऊ वर्षं एकाच टेबलावर लिहिलं, म्हणून कुणीतरी ही नावं पाडली आणि ती चिकटली. काम वाटून घेतलेलं. प्रसंगात काय घडतं ते धाकटीनं ठरवायचं, माणसं काय बोलतात ते थोरलीनं. थोरली येरझारा घालत संवाद सांगे आणि धाकटी उतरवून घेई, कारण थोरलीचं अक्षर तिचं तिलाही लागत नसे.

नळाच्या प्रसंगाला थोरलीनं अकरा वाक्यं दिली होती. तिच्या मते आयुष्यातली सगळ्यांत चांगली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तो अकरांवरही काट.

"इथे कुणी बोलायलाच नको गं," धाकटी म्हणाली होती.

"मग माझं नावही नको," असं म्हणून थोरलीनं पिशवी उचलली ती उचललीच. चित्रपटावर नाव एकट्या धाकटीचं लागलं. थोरली पुढे शाळेत भाषा शिकवत राहिली. धाकटीचा प्रत्येक चित्रपट मात्र तिनं पहिल्याच दिवशी, कुणाला न सांगता, नाक मुरडत पाहिला.

आज ती आली होती ती इथल्या एका पद्धतीसाठी. चित्रपट संपला की लेखकाच्या जुन्या वहीतलं एक पान खोडाखोडीसकट पडद्यावर दाखवत. मग चारचौघांत विचारत, हे लिहिलं कुणी, खोडलं कुणी आणि का. आज नळाचं पान होतं. ती अकरा वाक्यं अख्खं सभागृह वाचेल. काय गमावलं ते लोकांना कळेल. धाकटीला खोटं कधी जमलंच नव्हतं. तिला सांगावंच लागेल, ही थोरलीची म्हणून. तेवढ्यासाठी गुडघ्याला पट्टा बांधून थोरलीनं बोटीत तीन तास काढले होते.

पान आलं. भिंतभर. काटेखालची अक्षरं स्वच्छ दिसत होती.

'किल्ली देतेय मी, पण कुलूप माझ्या काळजाला लागलंय.'

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

'या भिंतींना ओल आलेली नाही, हे माझे श्वास आहेत.'

आता दोन-तीन रांगा हसल्या. थोरली खाली खाली वाचत गेली. ही वाक्यं तिला तोंडपाठ होती, पण आपल्याच आवाजात. परक्या माणसांत बसून ती आज पहिल्यांदा वाचत होती. वर्गातल्या एखाद्या पोरीनं असं लिहून आणलं असतं तर तिनं स्वतःच लाल शाई काढली असती. तिचे कान तापले.

"ही वाक्यं कुणाची, बाई?" सूत्रसंचालकानं विचारलं.

धाकटीनं चष्मा सारखा केला. तिची नजर रांगांवरून फिरत आली आणि पाचव्या रांगेत अडकली. थोरलीला मान खाली घालायचंही सुचलं नाही.

"माझी," धाकटी म्हणाली. "तेव्हा मला असलं लिहायची भारी हौस. एक जोडीदारीण होती माझी, माझ्याहून मोठी. तिनं माझ्या हातातून वही ओढली आणि सगळ्यावर काट मारली. हा प्रसंग खरा तिचा. ती बघा, तिथे बसलीय."

माना वळल्या. टाळ्या सुरू झाल्या. कुणी कुणी उभे राहिले. अकरा वाक्यांचं श्रेय मागायला आलेल्या थोरलीच्या ओटीत अख्खा प्रसंग येऊन पडला होता. नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं.

तिनं व्यासपीठाकडे पाहिलं. धाकटीही टाळ्या वाजवत होती, मनापासून. थोरलीच्या पोटात ते जुनं दुखणं पुन्हा उठलं. म्हणजे मनाचा मोठेपणाही हिनंच दाखवायचा आणि आपण खाली बसून बघायचं.

ती पुढच्या खुर्चीला धरून उठली. टाळ्या थांबल्या.

"खोटं बोलतेय ती," थोरली वर्गातल्या आवाजात म्हणाली. "अकराच्या अकरा वाक्यं माझी आहेत. काट तिची आहे. आणि ती बरोबर आहे."