नंबर एकची तबकडी

"तोंड भिंतीकडे," डॉक्टर वेलकरांनी हाताने खूण केली. गुणाजीने स्टूल फिरवलं आणि मांडीवर हात ठेवून गुमान बसला.

डॉक्टरांनी पिशवीतून चार लाँगप्ले काढल्या. त्यांचा मुलगा सुट्टीत लंडनहून त्या घेऊन आला होता. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालात तिकडे गाजलेल्या हार्ड रॉकच्या या निवडक तबकड्या. कोणती किती कडक, तसे त्याने कव्हरांवर पेनने नंबर लावले होते.

"चार नंबरला काल बहिरेपणाचं सोंग घेणारा एक जॉबर टुणकन उडाला, बाई. तीन नंबरला दोन बदली कामगार. हा म्हातारा बेरकी आहे. याला एक नंबरच लावू."

कालिंदी कान तपासायच्या यंत्रापाशी उभी होती. गिरणीच्या दवाखान्यात हे यंत्र आलं, तेव्हा फिजिक्सची पदवी बघून तिला नेमलं होतं. सकाळीच तिने गुणाजीचा आलेख काढला होता. घुमणाऱ्या, जाड आवाजांपाशी रेघ कशीबशी तग धरून होती. बारीक आवाजांपाशी ती कड्यावरून पडावी तशी कोसळली होती. माणसाच्या बोलण्यातली अक्षरं त्या कड्याच्या पलीकडे होती. सत्तावीस वर्षं मागावर काढल्यावर आता तरी शांत घडीखात्यात बदली मिळाली, तर उरलेले कान वाचले असते.

"आलेख आहे ना, डॉक्टर."

"आवाज आला की बटण दाबायचं. ते दाबणार कोण? तोच! आणि समोर उभं राहून बोललं की सगळं कळतं त्याला."

"ओठ वाचतो तो. मागवाले सगळेच वाचतात. त्या खडखडाटात दुसरं काय करणार?"

"संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात हाच पुढे राहून घोषणा द्यायचा. नाटकं याला शिकवायला नकोत."

डॉक्टरांनी तबकडी कडेने धरली. मखमली फडक्याने हळुवार पुसली, फुंकर घातली. गुणाजीच्या कानाला त्यांनी अजून बोटही लावलं नव्हतं.

मग रेकॉर्ड प्लेअरची सुई टेकली. गिटार कसली, कोणी पत्रा फाडत होतं. ढोल बरगड्यांवर आदळत होते. गळा कापल्यासारखा एकजण किंचाळत होता. कपाटातल्या औषधाच्या बाटल्या किणकिणल्या. कालिंदीने कानांवर हात दाबले.

गुणाजी दचकला नाही. त्याची मान हळूहळू वर आली. तो वळला, तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"सायबानू! गाणा! माका गाणा आयकाक येता!"

डॉक्टरांनी सुई उचलली. "घ्या. पोपट बोलला." आणि त्यांनी कार्डावर लिहायला घेतलं: श्रवण उत्तम. मागावरील कामास योग्य.

गुणाजीने हात जोडले. "माजे कान बरे झाले काय ओ? पाच वर्सां झाली. भजन नाय, रेडियो नाय, नातीचा बोलणा नाय."

"झाले, झाले बरे," डॉक्टर मान वर करून म्हणाले.

गुणाजी खुळ्यासारखा हसला. "मगे आणखी एक लावा," म्हणत आपणहूनच पुन्हा भिंतीकडे वळला.

कालिंदीने कार्डाकडे पाहिलं. आलेखात जाड आवाजांपुरते जेवढे कान उरले होते, नेमका तेवढ्यांपुरता तो धडधडाट होता. म्हाताऱ्याने लबाडी केली असती तर सुटला असता. त्याने आनंद लपवला नाही, एवढंच.

ती जाऊन गुणाजीच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिली. प्रयोगशाळेत आकडे वाचून दाखवावेत तशा आवाजात, ना मोठ्याने ना हळू, ती म्हणाली, "गुणाजीकाका, उठा. हे तुम्हाला परत मागावर पाठवताहेत."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"लावा ना, सायबानू," गुणाजी भिंतीला म्हणाला. "मी आयकतंय."