नुसतं कव्हर

स्वानंदने रेकॉर्ड प्लेअर किसनच्या ओट्यावर ठेवला आणि बाळंतिणीच्या कुशीतलं मूल उचलावं तशी तबकडी पिशवीतून काढली. पुण्याजवळ सूसला राहणारा, कॉम्प्युटरवर पोट भरणारा हा पोरगा. सुट्टीला मात्र सत्तर-बहात्तरच्या सुमाराची, गिटारवर म्हटलेली, कुणी न ऐकलेली लोकगीतं हुडकत फिरायचा. ही त्याला जुन्या बाजारात बिनकव्हरची सापडली. वर नाव होतं: भीमाबाई, कोळवण.

कव्हर इथं होतं. भीमाबाईच्या नवऱ्याच्या, किसनच्या भिंतीवर, काचेत, बावन्न वर्षं. नऊवारीतली भीमाबाई, मागं गिटारी घेतलेली कॉलेजची चार पोरं. मुंबईला गाऊन आली त्या दिवशी रेकॉर्ड कंपनीनं आधीच छापलेलं हे नुसतं कव्हर हातावर टेकवलं. तबकडी मागून पाठवतो म्हणाले. मागून कसली, भीमाबाई गेली तरी आली नाही. ती गेली तेव्हा तिचा प्रदीप आठ महिन्यांचा होता.

आता तो सेहेचाळीस वर्षांचा. फार्महाऊसवरच्या कामाला दांडी मारून, इस्त्रीचा शर्ट घालून आईचा आवाज पहिल्यांदा ऐकायला बसला होता. आणि किसनला बापड्याला मरायच्या आधी तो आवाज एकदा, फक्त एकदा ऐकायचा होता.

सुई टेकली. खरखर झाली, गिटार वाजली, मग बाई गाऊ लागली. भातलावणीचं गाणं, भीमाबाईचंच.

दुसऱ्या ओळीला किसनने वळून भिंतीवरच्या भीमीकडं पाहिलं. गळा गोड होता, शिकलेला, घोटलेला. भीमीचा आवाज कसा, तर भाकरीच्या कडेसारखा खरबरीत. बांधावरनं हाळी दिली की पलीकडच्या शिवारातली माणसं मान वर करायची. तिथं कंपनीत कुणाला तरी तो गावंढळ वाटला असणार. गाणारी बाई बदलली, कव्हरं तेवढी आधीच भीमीच्या नावानं छापून झाली होती.

प्रदीपने डोळे मिटले होते. गालावरनं पाणी ओघळत होतं, ते तो पुसत नव्हता. गाणं संपल्यावर म्हणाला, "आबा, आई लई ग्वाड गायची."

किसन त्याच्या भिजलेल्या गालाकडं बघत राहिला.

"आबा, एक विचारतो," स्वानंद म्हणाला. "हे मी लोकांपर्यंत पोचवणार आहे. आवाज त्यांचाच आहे ना? तुमच्याशिवाय सांगणारं आता कुणी नाही."

प्रदीप बापाच्या तोंडाकडं बघत होता. किसनच्या जिभेवर आलं होतं ते त्यानं गिळलं.

"व्हय," तो म्हणाला. "तिचाच हाय."

"परत लावा की," प्रदीप म्हणाला. मग पाच वेळा लावलं. सहाव्यांदा प्रदीपने ते फोनमध्ये भरून घेतलं.

दिवेलागणीला किसन एकटाच बांधावर जाऊन बसला. इथं टेकलं की भीमीची हाळी त्याच्या कानात यायची; ती गेल्यापासून एक दिवस चुकली नव्हती. त्यानं डोळे मिटून वाट पाहिली. हाळी आली.

"अवं, या की, भाकर निवतीया."

त्या तबकडीतल्या गोड गळ्यात आली.