अकरा देणगीदार

पक्ष एवढासा, की शाखेची बैठक शिंपीमामांच्या दुकानात, कापडाच्या ताग्यांवर बसून व्हायची. दर महिन्याला मामा देणगीचं पाकीट काढून ठेवायचे. "अकरा जणांनी दिलंय. नावं विचारू नका, घाबरतात बिचारे." शाखाप्रमुखांनी मात्र चौकातल्या भाषणात छाती फुगवून सांगून टाकलं, "इथली अकरा माणसं आमच्या पाठीशी आहेत."

दुसऱ्याच दिवशी सत्तेतल्या पक्षाचे चौघे दुकानात शिरले. त्यांनी शटर ओढलं, मामांचा उजवा हात मशीनवर दाबून धरला आणि मामांच्याच इस्त्रीनं एकेक बोट ठेचत विचारलं, "कोण ते अकरा?" चौथं बोट गेलं तरी मामांनी तोंड उघडलं नाही.

हॉस्पिटलात शाखाप्रमुख मामींपुढे हात जोडून उभे राहिले. "वाघ आहे तुमचा माणूस. तोंडातून एक नाव काढलं नाही. आता त्या अकरा जणांना निरोप धाडा, दवाखान्याचं बिल तरी त्यांनी उचलावं."

मामींनी खाटेकडे बघितलं.



"निरोप कशाला? अकराही जण या एकाच खाटेवर पडलेत."