घरचाच आहेस

"प्रणवदादा, एवढी मोठी उभी व्हॅन दिसली नाही तुला? आमची गाडी घातलीस कशी तिच्यावर?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून स्वरदानं भर जेवणात विचारलं, आणि दोघी पोरी एकमेकींना ढोसत खिदळल्या.

मागच्या खोलीत भाड्यानं राहणारा प्रणवही हसला. "डुलकी लागली गं. क्लेटनच्या गोदामातली रात्रपाळी करून येत होतो ना."

किती सफाईदार! बाबांनी पढवलं होतं त्याहूनही छान. स्वरदानं ताटातली भाजी बाजूला सारली.

मैत्रिणी गेल्यावर आईनं विचारलं, "त्या कुरिअरच्या जॉबचं काय झालं रे?"

"नाही म्हणाले, काकू. माझ्या नावावर अ‍ॅक्सिडेंट आहे, त्यांचे इन्शुरन्सवाले मला व्हॅन चालवू देत नाहीत. नो वरीज." ताट विसळून तो खोलीत गेला.

बाबा पुटपुटले, "मिळेल दुसरा. घरचाच आहे तो, म्हणून तर सांगितलं त्याला."

"घरचा आहे तर भाडं कशाला घेतोस त्याच्याकडून?"

"स्वरदा, हळू!" आई दाराकडे बघत म्हणाली. "क्लेम खोटा निघाला तर बाबांवर केस होईल."

"माहितीये मला." ती उठून उभी राहिली. "उद्या मी इन्शुरन्सवाल्यांना फोन करणार आहे. नुसतं लर्नर लायसन्स असताना तुम्हाला न विचारता एकटीनं गाडी काढली ती मी, आणि ठोकली तीही मीच, असं सांगणार आहे."